पाचव्या वर्षी जिचं नाव काढून घेतलं ती व्हेरुश्का

निळीशाई

मागच्या महिन्यात फोर्टात फाउंटनजवळच्या फुटपाथवर जुनी मासिकं चाळत होते तेव्हा 'लाइफ' या अमेरिकन नियतकालिकाचा ऑगस्ट १९६७ चा अंक हाताला लागला. पिना गंजलेल्या, एक कोपरा उंदराने कुरतडलेला, आणि कव्हरवर व्हेरुश्का, साठच्या दशकातली गाजलेली मॉडेल. माझ्या मामाकडे जुन्या फोटोग्राफीच्या मासिकांचा गठ्ठा होता त्यात ही बाई लहानपणी बघितलेली, लांबच लांब हातपाय, सोनेरी केस, माणसापेक्षा एखादा पक्षी वाटावा अशी. पण ती कोण, कुठली याचा कधी शोध घेतला नव्हता. अंक घरी आणला आणि मग तीन आठवडे तिच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून हा धागा.

तिचं खरं नाव व्हेरा फॉन लेनडॉर्फ. जन्म १४ मे १९३९, क्योनिग्सबर्ग, म्हणजे तेव्हाचा पूर्व प्रशिया, आज ते शहर रशियात आहे आणि नाव कॅलिनिनग्राड. युद्ध सुरू व्हायच्या साडेतीन महिने आधी जन्मलेली मुलगी. घराणं सरदारांचं, श्टाइनोर्ट नावाची तळ्याकाठची प्रचंड मोठी वाडी, शेकडो वर्षं त्यांच्याकडेच असलेली, जुनी ओकची झाडं, घोडे, शेती. वडील काउंट हाइनरिश फॉन लेनडॉर्फ, वाडी सांभाळणारे आणि राखीव दलातले अधिकारी. ते १९४१ मध्ये रशियाच्या आघाडीवर एका फील्डमार्शलच्या हाताखाली होते, बोरिसोव्ह नावाच्या गावी. तिथे हजारो ज्यू बायकापुरुषपोरांची कत्तल झाली ती त्यांच्या डोळ्यांसमोर. त्यानंतर हा माणूस हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला.

आणि आता ऐका. त्याच सुमारास हिटलरचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप याने श्टाइनोर्टच्या वाड्याचा एक भाग स्वतःच्या मुक्कामासाठी ताब्यात घेतला, कारण हिटलरचं जंगलातलं मुख्यालय, वुल्फ्सशांत्स, तिथून जवळ होतं. म्हणजे वाड्याच्या एका अंगाला नाझी मंत्री, त्याचे नोकरचाकर, पाहुणे, आणि दुसऱ्या अंगाला हे नवराबायको आणि त्यांच्या लहान मुली, आणि मनात हिटलरला मारायचा बेत. महत्त्वाचं बोलायचं तर बागेत फिरायला जाऊन बोलायचे. पोरी त्याच बागेत खेळत असणार.

२० जुलै १९४४ ला कटातल्या श्टाउफेनबर्ग या अधिकाऱ्याने हिटलरच्या बैठकीत बॉम्ब ठेवला, तो फुटला, हिटलर वाचला. दुसऱ्या दिवशी श्टाइनोर्टला पकडायला गाडी आली. लेनडॉर्फ खिडकीतून उडी मारून जंगलात पळाले, कुत्र्यांना वास लागू नये म्हणून पाण्यातून चालत गेले, पण घरच्यांचं काय होईल या विचाराने त्याच दिवशी स्वतः हजर झाले. पुढे बर्लिनला नेताना गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कचेरीच्या दारातून परत एकदा निसटले, चार दिवसांनी पकडले गेले. ४ सप्टेंबर १९४४ ला बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात फाशी. वय ३५. आदल्या रात्री बायकोला लांबलचक पत्र लिहिलं.

बायको गॉटलीबे या धरपकडीच्या वेळी गरोदर, दिवस भरत आलेले. तिलाही अटक, चौथी मुलगी कातारिना ऑगस्टमध्ये टोरगाउला कैदेतच जन्मली. आणि थोरल्या तिघी, सात वर्षांची नोना, पाच वर्षांची व्हेरा, दोन वर्षांची गाब्रिएले, यांना उचलून हार्त्स डोंगरातल्या बाड साक्सा गावच्या एका वसतिगृहात नेलं. कटवाल्यांची ४६ मुलं तिथे आणली होती. घरचे फोटो काढून घेतले, आडनावं बदलली, भावंडंसुद्धा वयाप्रमाणे वेगवेगळ्या घरांत ठेवली. श्टाउफेनबर्गच्या पोरांना 'माइस्टर' हे आडनाव दिलं होतं. तुम्ही कोण आहात ते विसरा, एवढाच त्या जागेचा हेतू.

मला इथेच थांबायला झालं. पाच वर्षांच्या मुलीला तिचं नाव बोलायची बंदी. आणि हीच मुलगी वीसेक वर्षांनी स्वतःहून जुनं नाव बाजूला ठेवते, स्वतःच्या पसंतीचं नाव घेते, आणि सगळं जग तिला त्या नावाने ओळखायला लागतं. यापुढचं लिहिते, पण जरा वेळाने, कुकर लावायचाय.

अनघा_बर्लिन

निळी, काय धागा काढलास. मी नोकरीसाठी बर्लिनला आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात प्लोट्झेनझेला गेले होते, ते लिहिते.

बाहेरून काहीच कळत नाही. एका बाजूला कालवा, एका बाजूला तुरुंगाची भिंत, तुरुंग अजूनही चालू आहे. आत विटांची एक बैठी शेड, दोन खोल्या. एका खोलीत कागदपत्रं, फोटो. दुसरी खोली रिकामी. समोर दोन खिडक्या, आणि वर आडवी लोखंडी तुळई, तिला पाच आकडे. बाकी काही नाही. कधी कुणी फुलं ठेवलेली असतात. १९३३ ते १९४५ मध्ये तिथे जवळपास २९०० माणसं मारली, त्यात या २० जुलैच्या प्रकरणातली ऐंशीच्या वर. आपल्याकडे खाटकाच्या दुकानात असतात तसे आकडे गं, मी मान वर केली आणि लगेच खाली घातली. बाहेर येऊन त्या कालव्याच्या कठड्याशी किती वेळ उभी होते आठवत नाही, हात गार पडलेले.

तेव्हा मला ही मॉडेल त्यांचीच मुलगी हे ठाऊक नव्हतं. लेनडॉर्फ हे नाव तिथे वाचलं असणार, नुसतं एक नाव म्हणून.

देवगडकर

माहिती उत्तम. एक शंका मनात आली ती विचारतो, राग मानू नका. हे लेनडॉर्फ जर्मन सैन्यात होतेच ना? पोलंड, रशियावर चालून गेलेल्या सैन्यात? मग १९४१ पर्यंत डोळे मिटलेले होते का? आणि दुसरं, एवढ्या मोठ्या जमीनदार घराण्यातली मुलगी म्हटल्यावर ओळखीपाळखी असणारच, त्यामुळे 'काहीच नव्हतं त्यातून वर आली' असं म्हणायला जीभ वळत नाही.

निळीशाई

देवगडकर, राग कसला, मलाही हाच प्रश्न पडला होता. सैन्यात होते हे खरंच आहे. कटातल्या बऱ्याच जणांचं तसंच होतं, ज्याने त्यांना कटात ओढलं तो हेनिंग फॉन ट्रेस्को पण सैन्यातलाच वरचा अधिकारी. आधी गप्प होते त्याचा हिशेब राहतोच, तो कुणी पुसू नये. पण कत्तल बघितलेले अधिकारी हजारो होते, त्यातले मूठभर या वाटेला गेले, आणि घरात लहान पोरी असताना गेले, हेही तेवढंच खरं आहे.

घराण्याचं म्हणशील तर युद्ध संपलं तेव्हा वाडी गेली. श्टाइनोर्ट पोलंडमध्ये गेलं. आई आणि चार मुली, ना घर ना दार, नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे, इथून तिथे. व्हेराने एकूण तेरा शाळा बदलल्या. तेरा! आणि त्यात वरून हे की एका शाळेत बाईंनी वर्गासमोर तिला खुन्याची मुलगी म्हटलं, हे तिने स्वतः नंतर मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे नाझी गेले तरी बाप देशद्रोहीच.

चौकट_राजा

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे आणि आपल्याकडे लोकांना माहीत नसतं. आपल्याला वाटतं १९४५ ला हिटलर गेला आणि दुसऱ्या दिवसापासून कटवाले हिरो झाले. अजिबात नाही. पश्चिम जर्मनीत बरीच वर्षं खूप लोक त्यांना शपथ मोडणारे गद्दारच समजत होते. २० जुलैला बर्लिनमध्ये कट मोडून काढण्यात ज्याचा हात होता तो ओटो एर्न्स्ट रेमर, तो पुढे राजकारणात शिरला आणि सभांमधून या लोकांना देशद्रोही म्हणत फिरला. त्याच्यावर १९५२ मध्ये ब्राउनश्वाइगला खटला झाला, सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर, स्वतः ज्यू, नाझींच्या काळात देश सोडायला लागलेला. त्याने कोर्टात मांडलं की जे राज्यच अन्यायावर उभं आहे त्याच्याविरुद्ध उठणं हा द्रोह होऊच शकत नाही. रेमरला तीन महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षा बारीकशी, पण त्या निकालाने मेलेल्यांच्या नावावरचा डाग कायद्याने पुसला गेला. व्हेरा तेव्हा बारा वर्षांची होती म्हणजे, शाळा बदलत फिरणारी. कोर्टात काय ठरलं ते शाळेच्या बाकापर्यंत पोचायला अजून किती वर्षं लागली असतील कोण जाणे.

निळीशाई

चौकट राजा, धन्यवाद, हे मला नव्हतं माहीत.

तर पुढे. ती हॅम्बुर्गला कापडाचं डिझाइन शिकली, मग चित्रकलेच्या ओढीने इटलीत फ्लॉरेन्सला गेली. तिथे रस्त्यात उगो मुलास या फोटोग्राफरची नजर तिच्यावर पडली, वय वीस. तिथून मॉडेलिंगला सुरुवात, मग पॅरिस. पण पॅरिसमध्ये काही जमेना, सहा फुटांच्या वर उंची, पाय मोठे, चेहरा लहान मुलीसारखा. १९६१ मध्ये मोठ्या आशेने न्यूयॉर्कला गेली आणि तिथेही दारं बंदच. हात हलवत परत जर्मनीला आली.

आणि मग तिने जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. तिने ठरवलं की व्हेरा म्हणून आता जायचंच नाही. व्हेरुश्का हे व्हेराचं रशियन लाडाचं रूप, छोटी व्हेरा असा अर्थ, आपण विठूचा विठ्या करतो ना तसं प्रेमातलं. तर व्हेरुश्का म्हणून जायचं, मी कुठली तर तिकडे पूर्वेच्या सीमेवरची, रशिया-पोलंड-जर्मनी जिथे मिळतात तिथली. आणि ते अर्धं खरंच होतं की! अंगावर डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, काळी टोपी, काळे मऊ बूट, आणि चाल मुद्दाम संथ. फोटोग्राफरकडे जायची तेव्हा स्वतःचे फोटो दाखवत बसायची नाही, उलट त्यांनाच म्हणायची की तुमचं काम दाखवा, माझ्या चेहऱ्याचं तुम्ही काय करू शकाल ते बघू दे. तीच मुलगी, तीच उंची, तेच पाय, आणि आता सगळ्यांना तिचे फोटो हवे होते.

उसवण

मी गेली अठरा वर्षं गारमेंटमध्ये आहे, पॅटर्न मास्तरांच्या हाताखाली शिकले, आता स्वतःचं छोटं युनिट आहे. त्यामुळे मला ही बाई कपड्यांमुळे माहीत. १९६८ चा तो फोटो, फ्रेंच डिझाइनर इव्ह सँ लोराँचं सहारियेन म्हणजे सफारी जॅकेट, खाकी सुती कापड, पुढे बटणांच्या जागी दोरी ओवून बांधलेली, कमरेला कड्यांचा पट्टा, खांद्यावर आडवी बंदूक. व्हेरुश्काच आहे ती, फोटो फ्रँको रुबार्टेलीचा, मध्य आफ्रिकेत काढलेला, पॅरिसच्या व्होग या फॅशन मासिकासाठी.

आता आपल्याकडच्या सफारी सूटशी याचं नातं बघा. दोन्हीचा आजा एकच, उन्हातल्या साहेबांचे आणि फौजींचे चार खिशांचे कोट. आपल्या बाबा लोकांनी सत्तर ऐंशीच्या दशकात टेरिकॉटचे सफारी शिवून घेतले ना, लग्नकार्यात, ऑफिसात, माझ्या वडिलांचा राखाडी होता, खिशाला झाकणं, मागे चीर. मी शिकत असताना तो सफारी उसवून त्याचा पॅटर्न काढला होता, आई रागावली होती. तेव्हा कळलं की त्या कपड्यात खिसे वजन खाली ओढतात, म्हणून खांद्याचा कट चोख नसेल तर माणूस पोत्यासारखा दिसतो. सँ लोराँने तोच पुरुषी कपडा बाईला चढवला आणि छातीशी उघडा ठेवून दोरीने आवळला. तो फोटोत एवढा उठून दिसतो याचं अर्धं श्रेय व्हेरुश्काच्या खांद्यांना आहे. हे मी धंद्यातली म्हणून सांगते. कपडा हँगरवर कितीही सुंदर असला तरी अंगात घातल्यावर तो उचलून धरणारं माणूस लागतं, सगळ्यांना नाही जमत. ती नुसती उभी राहत नाही, कपड्याचं वजन कुठे पडतंय हे तिला कळतं. कापडाचं शिकलेली होती हे आज तुझ्या धाग्यावरून कळलं निळीशाई, मग बरोबरच आहे.

तळ्याकाठी

उसवणताई, काय सुरेख लिहिलंत, अजून लिहा.

मी तिला पहिल्यांदा इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनीच्या 'ब्लो-अप'मध्ये बघितलं, आमच्या फिल्म सोसायटीत, कॉलेजात असताना. १९६६ चा सिनेमा. जेमतेम पाच मिनिटांचा सीन, ती स्वतःच्याच भूमिकेत, काळा चमकता ड्रेस, फोटोग्राफर तिच्या भोवती, वर, अंगावर येऊन फोटो काढतोय आणि काम झाल्यावर तिला तशीच जमिनीवर सोडून सोफ्यावर जाऊन पडतो. हॉलमधली मुलं शिट्ट्या मारत होती. मला मात्र ती उठत नाही तो क्षण लक्षात राहिला. आता हे सगळं वाचून तो सीन परत बघवेल का माहीत नाही.

निळीशाई

तळ्याकाठी, हो, त्या सीनने ती जगभर पोचली. त्याच वर्षी, १९६६ मध्येच, अमेरिकन व्होगचं ते जपानमधलं काम, रिचर्ड अ‍ॅव्हेडन फोटोग्राफर, पॉली मेलन कपडे बघणारी, बर्फाळ डोंगरात पाच आठवडे शूटिंग, फरचे कोट, एक अवाढव्य सुमो पैलवान सोबत. व्होगच्या संपादक तेव्हा डायना व्रीलंड, त्यांना व्हेरुश्का म्हणजे जीव की प्राण. आणि ही नुसती सांगितलं तसं करणारी नव्हती, कपडे, मेकअप, जागा, कल्पना सगळ्यात हिचा हात. मग १९६७ चं लाइफचं कव्हर, जे माझ्या टेबलावर आत्ता आहे.

देवगडकर

मी परत तेच म्हणणार. तिच्या कामाची तारीफ उसवणताईंनी केली ती मला पटते, कारण ती कामाची आहे. पण धाग्यात हळूहळू असं होतंय की तिचं सगळंच त्या बाड साक्साशी नेऊन जोडायचं. नाव बदललं, कारण लहानपणी नाव काढून घेतलं होतं. मग त्या काळी कितीतरी मॉडेलनी, नटनट्यांनी नावं बदलली, त्यांची नव्हती ना कुणी काढून घेतली? धंद्यात नाव विकावं लागतं, तिने हुशारीने विकलं. त्या बाईच्या अक्कलहुशारीचं श्रेय आपण तिच्या दुःखाला का देतोय?

अनघा_बर्लिन

देवगडकर, मुद्दा बरोबर आहे आणि मी इथे जर्मन लोकांमध्ये राहून हेच शिकले की दुसऱ्याच्या घरातल्या युद्धाबद्दल आपण निष्कर्ष काढू नयेत. पण तिने स्वतः आयुष्यभर याबद्दल बोललंय ना. तरुणपणी नैराश्य होतं हे तिने लपवलेलं नाही. आणि नाव बदलण्यात फरक असतोच. माझ्या आजीचं नाव लग्नात बदललं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव, माहेरचं नाव घरात परत कुणी उच्चारलं नाही. आजी ऐंशी वर्षांची असताना दवाखान्यात नर्सने नाव विचारलं तर तिने माहेरचं सांगितलं, आम्हाला कुणालाच ते पटकन कळेना. ज्याचं नाव दुसऱ्याने बदललंय त्याला ते ठाऊक असतं, आणि त्याने पुढे स्वतः नाव निवडलं तर त्यात हुशारी आहेच, पण नुसती हुशारी नाही असं मला वाटतं.

मोगरा७७

वाचतेय सगळं. मला राहून राहून दुसरी एक मॉडेल आठवतेय, आलेक वेक. व्हेरुश्काच्या जवळपास चाळीस वर्षं नंतरची, तेव्हाच्या सुदानमधल्या वाऊ गावची, १९७७ चा जन्म, डिंका जमातीची, नऊ भावंडं. १९८३ ला तिथे यादवी पेटली, १९८५ मध्ये ही आठ वर्षांची असताना घरच्यांबरोबर पायी गाव सोडून पळाली. वडील शिक्षण खात्यात होते, पायाने अधू, खुब्याचं जुनं दुखणं त्या चालण्याने बळावलं आणि त्यातच पुढे ते गेले. १९९१ ला ती धाकट्या बहिणीबरोबर लंडनला निर्वासित म्हणून पोचली, थोरली बहीण तिथे होती, आई दोन वर्षांनी आली. शाळा सांभाळून साफसफाईची कामं केली. १९९५ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या जत्रेत एका एजन्सीच्या बाईंनी हेरली. नोव्हेंबर १९९७ ला 'एल' या फॅशन मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीच्या कव्हरवर, काळीभोर, केस अगदी बारीक कापलेले, पांढरा कोट. लहानपणी तिला सोरायसिस होता, कातडीची सालं निघायची, आणि त्याच कातडीचं पुढे जगाने कौतुक केलं.

हे सांगायचं कारण म्हणजे तिने पुढे बॅगा डिझाइन केल्या, ब्रँडचं नाव 'वेक १९३३', आणि १९३३ म्हणजे वडिलांचं जन्मसाल. त्या बॅगांची पितळी कडी वडिलांच्या ब्रीफकेसच्या कडीवरून घेतलेली. मला ते वाचून भरून आलं होतं. माझे वडीलही शिक्षक, त्यांची रेक्झिनची बॅग, ती कडी लावल्याचा टक् आवाज झाला की बाबा निघाले हे कळायचं. आलेकने घर, गाव, बाप सगळं गेल्यावर त्या आवाजातून बाप परत आणला असं मला वाटतं. देवगडकर, हेही मी माझं जोडतेय असं म्हणाल, पण ते साल तिने स्वतः घातलंय.

देवगडकर

मोगराताई, नाही म्हणणार. हे पटलं. माणसाने स्वतः जोडलेलं असेल तर ते जोडलेलंच आहे.

उसवण

मोगरा, ती पितळी कडी. आमच्याकडे सँपलला कड्या येतात तेव्हा मी प्रत्येक उघडमीट करून कानाशी धरते, पोरी हसतात. आता सांगेन त्यांना का ते.

निळीशाई

मोगरा, आलेकबद्दल खरंच वेगळा धागा काढ.

देवगडकर, तुमच्यासाठी आता पुढचा भाग, कारण मला खरं जे सांगायचं होतं ते इथे आहे, आणि हेही तिने स्वतःच जोडलेलं आहे. १९७१ मध्ये व्रीलंड व्होगमधून गेल्या. नव्या संपादकांना वाचणारणीला आपली वाटेल अशी मॉडेल हवी होती, व्हेरुश्काने केस वगैरे जरा सरळसाधं करावं असं त्यांचं म्हणणं. ही तयार झाली नाही. नावाच्या शिखरावर असताना बाजूला झाली. आणि मग काय केलं? होल्गर ट्रुल्श नावाचा जर्मन चित्रकार, वादकही होता, त्याच्याबरोबर स्वतःचं अंग रंगवायला लागली. फुलंपानं नाहीत हं. भिंत. पोपडे आलेली जुनी भिंत, गंजलेला दरवाजा, गोदामाची खिडकी, पाइप. तासन् तास उघड्या अंगाने उभं राहायचं आणि तो आणि ती मिळून मागच्या भिंतीवरची प्रत्येक चीर, प्रत्येक डाग अंगावर पुढे चालू करायचे, मग फोटो. फोटोत भिंत दिसते. बाई दिसत नाही. पुढे इटलीत प्रातो गावी, जिथे जगभरच्या चिंध्या लोकरीसाठी येऊन पडतात, तिथल्या गोदामात त्यांनी काम केलं, रंगांप्रमाणे वेगळे केलेले जुन्या कपड्यांचे डोंगर, आणि त्यात ही रंगवलेली, चिंध्यांतली चिंधी.

जिच्याकडे सगळं जग टक लावून बघतंय असं लाइफने कव्हरवर छापलं, ती बाई पुढची पंधरा-वीस वर्षं न दिसण्यासाठी खपली. बाड साक्साच्या त्या मुलीला आपण कोण ते लपवायला लावलं होतं. मोठेपणी तीच लपते, पण आता कुठे, कधी, किती वेळ ते ती ठरवते. मी मानसशास्त्रज्ञ नाही. पण मला हे फोटो बघताना रडू आलं आणि का ते मला बरोबर सांगता येत नाही, एवढंच कळतंय की जपानमधल्या त्या फरच्या कोटांपेक्षा हे फोटो मोठे आहेत.

चौकट_राजा

वा. हा भाग मला पूर्ण नवा. त्या चिंध्यांच्या गोदामाचे फोटो शोधून बघितले आत्ता. पहिल्या फोटोत मी दीड मिनिट बघत होतो आणि बाई कुठे आहे तेच कळेना, मग एक हात दिसला.

पुढे काय झालं तिचं?

निळीशाई

कामं करत राहिली, स्वतःच्या प्रदर्शनांमधून, मधून मधून सिनेमात. २००६ च्या बाँडपटात, कसिनो रोयालमध्ये, एका छोट्या प्रसंगात आहे. २०१० मध्ये लंडनला जाइल्स डीकन या डिझाइनरच्या शोमध्ये रॅम्पवर चालली, वय ७१. तो व्हिडिओ बघा, चाल तीच, संथ. श्टाइनोर्टचा वाडा पोलंडमध्ये अजून उभा आहे, पडझड झालेली, आता दुरुस्ती चालू आहे, पोलिश आणि जर्मन लोक मिळून करताहेत.

अनघा_बर्लिन

काल रविवारी परत प्लोट्झेनझेला जाऊन आले, या धाग्यामुळेच. यावेळी कागदपत्रांच्या खोलीत जास्त वेळ थांबले. माझ्यासोबत माझी सात वर्षांची लेक होती, तिला आकड्यांच्या खोलीत नेलं नाही, नवरा तिला घेऊन बाहेर कालव्यावर बदकं बघत बसला. घरी येताना तिने विचारलं, तू आत कुणाला भेटायला गेली होतीस. मी म्हटलं व्हेराच्या बाबांना. कोण व्हेरा, तर मग तिला घरी येऊन फोटो दाखवले, ते जपानचे नाही, भिंतीचे. ती लपंडाव समजून एकेका फोटोत बाई शोधत बसली.

तळ्याकाठी

निळीशाई, भिंतीच्या फोटोंच्याही आधीचा एक दगडांचा फोटो आहे ना? मला अर्धवट आठवतोय. लिंक असेल तर दे.

निळीशाई

आहे. तिची आई नंतर बव्हेरियात पेटर्सकिर्खेनला राहायची, कलावंतांचा राबता असायचा तिथे, त्याच काळातलं ते काम. लिंक संध्याकाळी देते. पण उघडशील तेव्हा मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर उघड. आधी नुसते गोटे दिसतील, नदीकाठी असतात तसे करडे, ठिपक्याठिपक्यांचे. सगळे एकसारखे वाटतील. मग त्यातल्या एका गोट्याला पापण्या दिसतील, मिटलेल्या.